रडणाऱ्या भिंतीचा गवंडी

रस्त्याने चालताना माझा साडू दर दहा पावलांवर थांबतो आणि मधलं बोट दुमडून समोरच्या भिंतीवर टकटक करतो. घरातलं माणूस दार उघडतं. "कोण पाहिजे?" साडू म्हणतो, "तुम्ही नको, भिंत पाहिजे होती," आणि पुढे चालू लागतो.

चाळीस वर्षं त्याने गवंडीकाम केलं, आणि त्यातही गिलाव्याचं. विटा कोणीही रचेल, पण भिंतीला कातडी चढवणं मोजक्याच हातांना जमतं, असं तो म्हणतो. चालणं ताठ, बोलणं सरळ, आणि उभा राहिला की डोक्यापासून टाचेपर्यंत दोरी सोडावी, बोटभर फरक पडणार नाही. म्हणून वस्तीत त्याला ओळंबा म्हणतात. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, भिंत सरळ आहे की नाही ते दाखवणारं. त्या वजनाला खोटं बोलता येत नाही. माझ्या साडूलाही येत नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

एके दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. ती माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो.

"भावोजी, पहिल्या गाडीने या. यांची अब्रू टांगणीला लागलीय. तुम्हाला हवेतून गोष्ट काढता येते, असं धाकटी सांगते."

"अक्का, हवेतून नाही, माणसांतून काढतो."

"मग इथे माणसं पुष्कळ आहेत. या."

मी गेलो. आमच्या गावात गोष्ट सांगायला मी बसलो की लोक जेवणाचं ताट बाजूला सारतात. हे मी म्हणत नाही, त्यांच्या बायका तक्रार म्हणून सांगतात. शहरात मात्र माझं कोणी ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं, आणि काय झालं ते सांगतो.

साडू राहतो ती वस्ती एका टेकाडाच्या उतारावर आहे. अरुंद बोळ, पायऱ्या, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली घरं. पूर्वी तिथे टपालवाला सोडला तर बाहेरचं कोणी फिरकत नसे. मग कुठून कुठून चित्रकार आले आणि त्यांनी घरांच्या उघड्या भिंतींवर चित्रं काढली. आता रोज सकाळी माणसांचा घोळका येतो, माना वर करून चालतो, आणि घोळक्यापुढे पिवळी छत्री उंच धरून एक सडपातळ तरुण प्रत्येक चित्राचा अर्थ सांगत जातो. पाऊस असो नसो, छत्री उघडीच. वस्ती त्याला छत्रीवाला म्हणते.

मी पोचलो तेव्हा साडू स्वयंपाकघरात पाटावर बसून चहाच्या कपात बघत होता. अक्काने माझ्यापुढे कप ठेवला आणि म्हणाली, "सांगा यांना. की मी सांगू?"

"तू गप," साडू म्हणाला.

"दीड वर्ष गप्पच आहे. म्हणून तर घरात माझं सगळं ऐकलं जातंय, भावोजी. हे नाही म्हणाले की मी नुसतं विचारते, 'इस्त्रीवालीला सांगू का?' की लगेच हो म्हणतात. गेल्या महिन्यात गाद्यासुद्धा यांनीच उन्हात टाकल्या."

हळूहळू गोष्ट बाहेर आली. दीड वर्षापूर्वी साडूने बोळाच्या वळणावरच्या इस्त्रीवालीच्या घराची मोठी भिंत गिलाव्याने नवी केली. जुना गिलावा खरवडून, विटा धुऊन, वाळू दोनदा चाळून. त्याच्या हातचं ते शेवटचं मोठं काम. काम झालं त्याच दिवशी तो आमच्या गावी आला, कारण आमच्या स्वयंपाकघराची भिंत त्याने मला कबूल केली होती. निघताना इस्त्रीवालीला बजावलं, "मी येईपर्यंत रोज सकाळी भिंतीला पाणी मार. ताजा गिलावा तान्ह्या मुलासारखा. तहानेने चिरतो." आणि आमची भिंत तीन दिवसांत उरकून हेच वाक्य त्याने मला ऐकवलं, आणि रात्रीची गाडी धरून परत गेला.

तो उतरला तेव्हा नुकतं कुठे फटफटत होतं. गाडीच्या गर्दीत फुटू नये म्हणून चष्मा पंच्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलेला. घरात शिरला, पिशवी टाकली, निळी बादली भरली, तांब्या घेतला, आणि थेट भिंतीकडे. सवयीचा हात. समोरच्या घराच्या ओट्यावर एक पाय ठेवून त्याने तेरा तांबे पाणी वर भिरकावलं, दोन पुरुष उंचीपर्यंत. भिंत प्याली. साडू समाधानाने घरी येऊन झोपला.

त्याला काय माहीत की मधल्या दिवसांत एक चित्रकार पोरगी येऊन गेली होती. इतकी गुळगुळीत भिंत बघून तिच्या हाताला खाज सुटली. तिने त्यावर इस्त्रीवालीलाच रंगवलं. ती बाई हसण्यासाठी प्रसिद्ध. बोळाच्या या टोकाला हसली की त्या टोकाचं मांजर उठून बसतं. भिंतभर तिचा चेहरा, तोंड उघडं, मान मागे. डोळे तेवढे शेवटी, आदल्या दिवशी दिवेलागणीला काढले आणि पोरगी आपल्या गावी निघून गेली. डोळ्यांचा रंग अजून ओला होता.

"सकाळी चष्मा लावून बघायला गेलो," साडू म्हणाला, "तर बोळात गर्दी. वर बघतो तर हसणाऱ्या बाईच्या दोन्ही डोळ्यांतून निळ्या धारा हनुवटीपर्यंत. लोक म्हणत होते, काय चित्र आहे! ओठ हसतायत आणि डोळे रडतायत! एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. मी काय बोलणार?"

"मग बरंच झालं की," मी म्हणालो. "तुमच्यामुळे चित्र नावाजलं."

"पुढे ऐक. छत्रीवाल्याने पोरीला कळवलं, धारा काय सुंदर काढल्यात. ती म्हणाली, मी धारा काढल्याच नाहीत. आता हा अर्थ लावणारा. अर्थ सापडला नाही तर त्याला जेवण जात नाही. त्याने शोध लावला की गवंड्याचं काम कच्चं. गिलाव्यात ओल राहिली, ती आतून बाहेर आली, आणि भिंत रडली. रोज सकाळी माझ्या खिडकीखाली उभा राहून माणसांना सांगतो, 'एका अडाणी गवंड्याच्या चुकीतून ही कला जन्मली.'"

साडूने कप खाली आपटला.

"आता शाळेची लांब भिंत करायचीय. शंभर पावलं लांब. त्यावर तीच पोरगी चित्र काढणार, आणि गवंडी कोण ठेवायचा ते शाळेने तिच्यावरच सोपवलंय. आज अकराला ती इस्त्रीवालीची भिंत बघायला येतेय. भिंतीत ओल दिसली असं तिच्या मनात बसलं, तर काम गेलं. एकच भिंत अजून अंगात आहे माझ्या, पाहुणे. शंभर पावलं. मग गिलाव्याची थापी पुसून खुंटीला."

"मग खरं सांगा. पाणी मी मारलं म्हणा."

"आणि अख्ख्या वस्तीने म्हणावं, आंधळ्या म्हाताऱ्याने पोरीच्या चित्रावर बादली ओतली? मग मला भिंत कोण देईल? म्हणून तुला बोलावलंय. असं काहीतरी रच की गिलावाही पक्का राहील आणि बादलीही दिसणार नाही."

"आणि तुम्ही मध्ये बोलणार नाही?"

"तोंडाला सिमेंट," साडू म्हणाला.

अक्का मागे वळून हसली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अकराला अवकाश होता, म्हणून साडू मला वस्ती दाखवायला घेऊन निघाला. लोक चित्रं बघत होते, साडू चित्रांच्या मागचं बघत होता. पायऱ्यांच्या तोंडाशी एका भिंतीवर मोठा मासा होता, घराची गोल खिडकी त्याचा डोळा. मी म्हणालो, "वा!" साडूने शेपटीवर टकटक केलं. आवाज बसका आला. "पोकळ," तो म्हणाला. "हा मासा दोन पावसाळ्यांत शेपूट सोडणार. वाळू चाळली नव्हती, मी तेव्हाच म्हणालो होतो."

त्याच्या पुढच्या घरावर एक बाई दोरीवर कपडे वाळत घालताना रंगवली होती, आणि तिच्या डोक्यावर खऱ्या दोरीवर खरे कपडे. घरची सून खिडकीत चिमटे लावत होती.

"आज हिरवं का गं?" साडूने खालून विचारलं.

"काल लाल घातलं तर छत्रीवाला ओरडला, मामा! म्हणे चित्राशी जुळत नाही. आता मी घरच्यांचे कपडे चित्राला विचारून धुवायचे का?"

"मग काय केलंस?"

"सासऱ्यांची भोकाची बनियन लावली. तेव्हापासून गप्प आहे."

आणखी खाली एका बंद भिंतीवर दार रंगवलेलं होतं. कडी, कुलूप, उंबरा, उंबऱ्यावर पडलेल्या चपला, सगळं हुबेहूब. साडू मला कोपराने ढोसून म्हणाला, "थांब, गंमत बघ." आम्ही समोरच्या पायरीवर बसलो. थोड्या वेळाने एक पार्सलवाला आला, खोका सांभाळत त्याने त्या दाराची कडी वाजवायला हात घातला आणि बोटं आपटून घेतली. साडू गुडघ्यांत डोकं घालून हसला. "आठवड्यातून तीन तरी सापडतात. चित्राला फसतो तो माणूस कसला! भिंत हाताने बघावी. डोळा काय, उधळलेला घोडा."

त्याच्या हसण्याला मी साथ दिली, पण माझं लक्ष कामात होतं. चालता चालता मी गोष्टी घडवत होतो, मोडत होतो. कुंभाराला चाक लागतं, मला चाल लागते.

अकराला आम्ही वळणावर पोचलो. इस्त्रीवाली दारात टेबलाशी उभी, कोळशाची जड इस्त्री हातात, बाजूला कपड्यांचे गठ्ठे. तिच्या शेजारी तिचीच भिंतभर छबी, हसती आणि रडती.

"या मिस्त्री," ती म्हणाली. "बघा, तुमच्या कामावर मी अजून रडतेय. जन्मभर हसले आणि भिंतीवर रडायचं आलं. परवा एक पाहुणी माझा हात धरून म्हणाली, कोण गेलं हो तुमचं? मी म्हणाले, माझा गिलावा गेला."

साडूच्या मानेची शीर फुगली, पण तोंडाचं सिमेंट टिकलं.

तेवढ्यात पिवळी छत्री वळणावरून वर आली. मागे पंधरा-वीस माणसं, आणि छत्रीवाल्याच्या बाजूने एक पोरगी. आखूड केस, सदऱ्याच्या बाहीला पाच रंगांचे डाग, पाठीला पिशवी. चित्रकार तीच. भिंतीसमोर उभी राहून आपल्याच चित्राकडे परक्यासारखी बघत राहिली.

"तर मंडळी," छत्रीवाल्याने सुरू केलं, "इथे एका गवंड्याच्या—"

"थांबा," मी म्हणालो. "मी गावाकडून आलोय. या भिंतीची गोष्ट मला माहीत आहे."

छत्री अर्धी खाली आली. मी खाकरलो आणि म्हणालो, "त्या दिवशी वरच्या मजल्याचा नळ गळत होता."

"वर नळच नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "दहा वर्षं घागरी चढवतेय. माझ्या गुडघ्यांना विचारा."

"म्हणजे लोकांना नळ वाटला. खरं तर त्या पहाटे दाट धुकं होतं."

"धुकं एका भिंतीवरच पडलं का, काका?" छत्रीवाला म्हणाला, आणि माणसं हसली. साडूने डोळे मिटून घेतले.

गोष्ट सांगणाऱ्याचे दोन वार फुकट गेले की तिसऱ्याला देव तरी येतो नाहीतर दगड तरी. मी इस्त्रीवालीच्या टेबलाकडे बघितलं. तिने कापडावर पाणी शिंपडलं, इस्त्री टेकवली, आणि फस्सकन वाफ उठून भिंतीकडे गेली. माझं काम झालं.

"मंडळी," मी आवाज खाली आणला, "ही बाई या खोलीत किती वर्षं इस्त्री करतेय? तीस. रोज किती कपडे? मोजदाद नाही. लग्नाचे, कचेरीचे, शाळेचे, शेवटच्या प्रवासाचे. प्रत्येक कापडातून वाफ उठली आणि या भिंतीत गेली. बाई हसत राहिली. भिंत साठवत राहिली. तीस वर्षं. आणि ज्या दिवशी भिंतीला पहिल्यांदा डोळे मिळाले, त्या दिवशी..." मी थांबलो. कुठे थांबावं हे मला कोणी शिकवलेलं नाही, ते जन्माचं आहे. "त्या दिवशी भिंतीला वाट मिळाली."

घोळक्यातल्या एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. छत्रीवाला छत्री काखेत मारून वही काढून भराभर लिहू लागला. इस्त्रीवाली इस्त्री तशीच धरून म्हणाली, "अगं बाई, माझी वाफ?" आणि एक सदरा तिच्या हाताखाली पिवळा पडला. चित्रकार पोरीने हळूच मान हलवली. गवंड्याचं नावही निघालं नव्हतं, बादली तर कोसभर लांब. मी साडूकडे विजयाने बघितलं.

साडूचा चेहरा विटेसारखा झाला होता.

"कुठून गेली वाफ?" तो म्हणाला.

"साडूबुवा," मी दातांतून म्हणालो, "तोंडाला सिमेंट."

"सिमेंट गेलं खड्ड्यात! माझ्या गिलाव्यातून वाफ आरपार गेली? अरे, दोन हात मारलेत, आतून एक, बाहेरून एक, घोटून घोटून आरशासारखा केलाय. वाफ काय, वाफेचा बाप आला तरी दारातूनच जाईल! आत ओल नव्हती, वाफ नव्हती, काही नव्हतं. पाणी बाहेरून आलं. मी मारलं. बादलीने. तेरा तांबे!"

एक कबूतर वरच्या कठड्यावरून घाईने उडून गेलं.

"काका," छत्रीवाला दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "इतकी चांगली वाफेची गोष्ट, का बिघडवताय? असं काही झालेलं नाही."

"झालेलं नाही? मी केलं आणि झालेलं नाही?"

"वय झालं की वाटतं असं," घोळक्यातला एकजण समजुतीने म्हणाला.

मी गोष्टींच्या धंद्यात जन्म घालवला, पण असं बघितलं नव्हतं. खोट्याला लोकांनी डोळे पुसले होते आणि खऱ्याला वेड्यात काढत होते. साडू एकटा पडला. इतका ताठ माणूस, पण त्या घटकेला त्याची दोरी जरा हलली.

चित्रकार पोरगी पुढे आली. "आजोबा, कुठे उभे होतात?"

"त्या ओट्यावर. एक पाय वर, एक खाली."

"दाखवा."

"बादली लागेल. तांब्याही तोच लागेल, दुसऱ्याने हात बसत नाही."

"ही घ्या," मागून आवाज आला. अक्का गर्दीतून वाट काढत येत होती. एका हातात पाण्याने भरलेली निळी बादली, दुसऱ्यात तांब्या. "दीड वर्ष जपून ठेवलीय. म्हटलं, आज यांचं तोंड बंद राहणार नाही, तर बादली तयार बरी."

साडूने ओट्यावर पाय ठेवला. चष्मा काढला, आणि खिशात घालणार तोच अक्काने तो हिसकावून पुन्हा त्याच्या नाकावर बसवला. त्याने तांब्या बुडवला, खांदा मागे नेला, आणि डावीकडून उजवीकडे, खालून वर, असा काही फेकला की पाण्याचं पातं उघडलं. ते बरोबर भिंतीवरच्या भुवईवर बसलं, फुटलं, आणि खाली ओघळलं. जुन्या निळ्या धारा होत्या ना, थोड्या तिरक्या, एक जाड, दोन बारीक? नदीने आपल्या जुन्या पात्रात उतरावं तसं नवं पाणी त्या धारांवरूनच उतरलं. तिरपं तिथे तिरपं. दुसऱ्या डोळ्याला दुसरा तांब्या. तेच. हनुवटीखाली इस्त्रीवालीच्या गठ्ठ्यावर थेंब पडले तरी ती हलली नाही.

"तिरकेपणाचं कोडं मला दीड वर्ष सुटत नव्हतं," पोरगी पुटपुटली. "आतून आलेली ओल तिरकी कशी वाहील?"

"तेच!" साडू म्हणाला. "ओल सरळ खाली येते. शिकलेल्या माणसांना एवढं कळू नये?" हे त्याने छत्रीकडे बघून म्हटलं.

आणि मग इस्त्रीवालीला उमगलं. "म्हणजे मी रडलेच नव्हते! पहाटे पहाटे हा म्हातारा, चष्म्यावाचून, माझ्या तोंडावर तांब्यावर तांबे..." आणि ती हसली. मी गावात मोठमोठी हसणारी माणसं बघितली आहेत, पण त्या हसण्याने दोरीवरचे चिमटे वाजले. ती टेबलाला धरून हसली, भिंतीला टेकून हसली, तोंड उघडं, मान मागे, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा हनुवटीपर्यंत आलं. चित्रकार पोरगी एकदा तिच्याकडे बघे, एकदा भिंतीकडे. दोन्हीकडे एकच चेहरा होता.

"पुसू का त्या धारा?" पोरीने विचारलं. "रंग आहे माझ्याकडे."

"हात लावशील तर बघ," इस्त्रीवाली डोळे पुसत म्हणाली. "आता कुठे चित्र पुरं झालंय."

"पण मी लोकांना काय सांगू?" छत्रीवाला रडकुंडीला आला. "अर्थ काय याचा?"

"अर्थ म्हणे! खरं सांग," साडू म्हणाला.

"खरं ऐकायला कोण उतार चढून येणार?"

पोरीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने बोट दुमडून भिंतीवर टकटक केलं. साडूने तिचं बोट धरून थोडं वर सरकवलं. "असं नाही, सांध्याने. आणि कान जवळ. ऐक." टण, टण, टण. खालपासून वरपर्यंत एकच सूर, कुठे बसका नाही. मग घोळक्यातल्या एकीला ऐकायचं होतं, मग दुसऱ्याला. बघता बघता वीस शहाणीसुरती माणसं भिंतीला कान लावून टकटक करत होती, आणि माझा साडू त्यांच्यामागून फिरत सांगत होता, "दमाने. दार नाही ते."

"आजोबा," पोरगी म्हणाली, "चार दिवसांच्या ओल्या गिलाव्यावर मी रंग चढवला, आणि गवंडी कोण, कुठे आहे, हे विचारलंसुद्धा नाही. अर्धी चूक माझी. शाळेची भिंत तुम्ही करा."

साडूने थापी नसलेल्या हातानेच हवेत एकदा थापी फिरवली. "एकवीस दिवस," तो म्हणाला. "एकवीस दिवस भिंतीजवळ कुंचला आणायचा नाही."

"कबूल. आणि त्यानंतर तुम्ही बादली आणायची नाही."

"कबूल."

"चष्मा लावूनसुद्धा नाही."

"बाई," साडू अक्काला म्हणाला, "ही तुझी कोण लागते गं?"

भिंत झाली. शंभर पावलं, साडूने पुन्हा मोजली तेव्हा एकशे दोन भरली. वर्तुळात फिरणारा हात, आडवी फळी, पुन्हा हात. उन्हं तिच्यावर पडत तेव्हा भिंत नुकत्याच तापवलेल्या दुधासारखी दिसे. एकवीस दिवस तो समोर स्टूल टाकून राखणीला बसला, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. पोरगी रोज येई, हात पाठीमागे बांधून भिंतीसमोरून एक फेरी मारी आणि विचारी, "आज?" तो म्हणे, "तान्ही आहे अजून." बाविसाव्या दिवशी त्याने स्टूल उचललं आणि घरी जाऊन थापी पुसून खुंटीला लावली.

चित्र पुरं झाल्यावर मी पुन्हा गेलो होतो. साडू मला ते दाखवत ताठ मानेने चालला होता. भिंतीवर काय काय आहे ते सांगण्यापेक्षा तुम्हीच जाऊन बघा. मी फक्त शेवटच्या टोकाचं सांगतो. तिथे आल्यावर साडू थबकला. "कुणी ठेवली ही रस्त्यात? माणूस अडखळेल," असं म्हणून तो वाकला, आणि भिंतीच्या पायथ्याशी रंगवलेल्या निळ्या बादलीची कडी धरायला त्याने हात घातला. बोटं आपटली. चष्मा गळ्यात लोंबत होता.

समोरच्या पायरीवर दोन म्हातारे बसले होते, त्यांनी गुडघ्यांत डोकी घातली होती.

आता एक राहिलं. रडणाऱ्या भिंतीच्या वेळी साडू आमच्याकडून घाईने परत गेला, तो आमच्या स्वयंपाकघराची भिंत ओली सोडून, आणि तिला सात दिवस पाणी मारायचं काम मला सांगून. त्याच संध्याकाळी आमच्या पारावर एक गोष्ट रंगली, ती चार दिवस चालली. भिंत तहानलेली राहिली. चुलीच्या वर, डाव्या हाताला, केसासारखी एक चीर गेलीय, वीतभर. मी तिच्यावर दिनदर्शिका टांगली आहे. बायकोला ठाऊक आहे, आणि आमच्या घरात तेव्हापासून गाद्या मी उन्हात टाकतो.

परवा साडू आमच्याकडे आला. जेवला, हात धुतले, आणि चुलीपाशी जाऊन उभा राहिला. बोट दुमडलं. दिनदर्शिकेच्या खाली टकटक केलं, वर केलं, बाजूला केलं. माझ्याजवळ वाफेची गोष्ट तयार होती, पण या माणसासमोर ती चालणार नाही हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं.

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाहुणे, दोन वर्षं होत आली. महिना तरी उलटत जा."